क्रेटर लेकच्या कठड्यावर उभ्या असणाऱ्या रेंजर ताईंना, जाहीर आभार

प्रिय रेंजर ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे, तेव्हा तुम्हाला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. पण तुम्ही जे सांगता ते अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, क्रेटर लेक हे राष्ट्रीय उद्यानातलं ज्वालामुखीच्या खड्ड्यातलं तळं बघायला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या हाती निघण्याआधीच पडावं असं फार वाटतं, म्हणून आभार उघडपणे आणि आपल्या भाषेत मानतो आहोत.

तळ्याच्या काठावरच्या रिम व्हिलेज या वस्तीत गाडी लावली की बहुतेक लोक जवळच्या दगडी कठड्याशी जातात, निळं पाणी बघून थक्क होतात, फोटो काढतात आणि पंधरा मिनिटांत परत फिरतात. तुम्ही त्यांना थांबवून पायऱ्या उतरायला लावता आणि खालच्या सिनॉट मेमोरियलच्या सज्जात आणता. तिथे तळ्याची उठावाची प्रतिकृती आहे आणि समोर खरं तळं. प्रतिकृतीवर आधी बोट ठेवायचं आणि मग मान वर करून तीच जागा समोर शोधायची, ही तुमची रीत. दहा मिनिटं अशी घालवली की पुढचा सगळा रस्ता वाचता येतो.

मग तुम्ही हात वर करून डावीकडच्या उताराची रेघ हवेत चढवत नेता, तशीच उजवीकडची. दोन्ही रेघा पाण्याच्या वर, नुसत्या आभाळात जिथे मिळतात, तिथे कधीकाळी माझामा पर्वताचं शिखर होतं, सुमारे ३,७०० मीटर उंच. तळं बघायला आलेल्या माणसाला नसलेला डोंगर दाखवणं, याबद्दल खरे आभार.

हा डोंगर स्फोटात उडून गेला, असं जवळजवळ प्रत्येकजण धरून चालतो. तुमचं उत्तर पटकन पटतं: उडाला असता तर त्याचे जुने दगड आजूबाजूला पडलेले दिसले असते. पडलेला आहे तो बहुतेक ताजा प्यूमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड, आणि राख. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी पोटातला जवळजवळ ५० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला, आधार गेला आणि माथा आत बसला. उरलेल्या खड्ड्यात पाऊस आणि बर्फ साठून तळं झालं. त्याला नदी मिळत नाही आणि त्यातून नदी निघतही नाही. जेवढं वरून पडतं, तेवढंच वाफेने आणि झिरपून जातं. खोली ५९४ मीटर, अमेरिकेत सर्वांत जास्त. इथल्या मूळ रहिवासी क्लामाथ लोकांच्या पूर्वजांनी तो डोंगर पाहिलेला होता, हेही तुम्ही सांगायला विसरत नाही. फोर्ट रॉकच्या गुहेत १९३८ साली सेजब्रश या झुडपाच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या, त्या याच राखेच्या थराखाली.

आता रस्त्याचं. रिम ड्राइव्ह तळ्याभोवती ३३ मैलांचा, म्हणजे ५३ किलोमीटरचा आहे आणि त्यावर तीसेक थांबे आहेत. तुमचा सल्ला घड्याळाच्या दिशेने जायचा, आणि आमच्या मते एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते आणि या दिशेने तळंही उजवीकडे राहतं. त्यामुळे थांब्यावर वळताना समोरून येणाऱ्या गाड्यांना आडवं जावं लागत नाही आणि बाहेर पडताना डावीकडे वळावं लागत नाही. उलट दिशेने गेलं की हे दोन्ही धोके प्रत्येक थांब्यावर. पण उजवीकडे कडाही असतो आणि बऱ्याच ठिकाणी संरक्षक कठडा नाही, तेव्हा चालवणाऱ्याने रस्ताच बघावा. उतरत-थांबत पूर्ण फेरीला निदान दोन ते तीन तास धरावेत. पेट्रोल उद्यानात फक्त माझामा व्हिलेजला मिळतं, तेही हिवाळ्यात बंद. टाकी भरूनच वर चढावं.

पश्चिम काठावरच्या वॉचमन शिखराच्या थांब्यावरून विझार्ड बेट जवळजवळ पायाखाली दिसतं. पाण्यावर सुमारे २३० मीटर उठलेला राखेचा शंकू, डोंगर बसल्यानंतर तळाशी पुन्हा झालेल्या उद्रेकांतला. माथ्यावर वाटीसारखा खड्डा आहे, तो नीट बघायचा तर थांब्यापासून वॉचमनच्या माथ्यावरच्या टेहळणी घरापर्यंत चढावं. वाट १.३ किलोमीटर, चढ सुमारे १३० मीटर. आकडे लहान वाटतात, पण उंची २,४०० मीटरच्या वर असल्याने धाप लागते. पाणी जवळ हवं. जूनमध्ये आणि कधीकधी जुलैतही ही वाट बर्फाखाली असते.

उत्तरेकडे लाओ रॉक, पंख पसरून उतरणाऱ्या पक्ष्यासारखा. स्फोटाने झालेल्या खोल खड्ड्यात साचून गोठलेला लाव्हाचा जाड थर आहे तो. त्याच्या पुढे क्लीटवूडचा लाव्हा, आणि इथे तुम्ही सांगितलेली गोष्ट डोळ्यांपुढून हलत नाही. हा लाव्हा डोंगर कोसळण्याच्या अगदी आधी बाहेर आला होता. माथा आत बसला तेव्हा तो पुरता थिजलेला नव्हता, म्हणून नव्या कड्यावरून आतल्या बाजूला पुन्हा ओघळला. भाकरीचं पीठ परातीच्या काठावरून लोंबावं तसा. दोन घटनांमध्ये किती थोडा काळ गेला याचा एवढा सरळ पुरावा क्वचितच रस्त्याकडेला बघायला मिळतो.

पूर्वेला क्लाउडकॅप, मुख्य रस्त्यापासून मैलभर आत, ओरेगनमधल्या डांबरी रस्त्यांत सर्वांत उंच. वाऱ्याने वाकलेली व्हाइटबार्क पाइनची झाडं तिथे आहेत. त्यांच्या बिया क्लार्कचा नटक्रॅकर पक्षी जमिनीत पुरून ठेवतो, खायच्या राहतात त्यांतून नवी झाडं येतात. पर्यटकांनी पक्ष्यांना आणि खारींना चिप्स घालू नयेत, हे तुम्ही ज्या कळकळीने सांगता त्यामागे हे आहे. पुढचा प्यूमिस कॅसलचा थांबा सहज चुकतो, हळू जावं लागतं. करड्या कड्यात मध्येच नारिंगी बुरूज. त्यानंतर फँटम शिप. वरून खेळण्यातल्या होडीसारखं दिसणारं हे बेट सोळा मजली इमारतीएवढं उंच आहे आणि त्याचा खडक सुमारे ४ लाख वर्षांचा, तळ्यातला उघडा पडलेला सर्वांत जुना. दुर्बीण असेल तर तिथे काढावी.

रंगाबद्दल लोक तुम्हाला रोज विचारत असतील. पाणी लाल, पिवळा, हिरवा शोषतं, निळा खोलवर जाऊन परत फिरतो. आणि गाळ आणणारी नदी नसल्याने मध्ये अडथळा नाही. काळी-पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली तर ती साधारण ३० मीटरपर्यंत दिसत राहते. फोटोत मात्र हा निळा अनेकदा राखाडी उतरतो. सकाळी लवकर पाणी आरशासारखं असतं, तेव्हा रंगापेक्षा आभाळाचं प्रतिबिंब दिसतं. शिवाय पश्चिम काठावरून सकाळी सूर्य थेट डोळ्यांत. ऊन वर आल्यावर निघावं, कॅमेऱ्याला पोलरायझर (चमक कमी करणारा) फिल्टर असेल तर सूर्य खांद्याच्या बाजूला ठेवून तो फिरवावा. ड्रोन आणू नये, राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे.

सर्वांत कठोरपणे तुम्ही बोलता ते काठाबद्दल, आणि तसंच बोलायला हवं. हा कडा पक्क्या दगडाचा वाटतो, पण वरचा थर सुटा प्यूमिस. त्यावर पाय ठेवणं म्हणजे ज्वारीच्या दाण्यांच्या राशीवर उभं राहणं. घसरायला लागलं की थांबता येत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठावरचं बर्फ दरीवर छज्ज्यासारखं पुढे आलेलं असतं, वरून जमीनच वाटते. सेल्फीसाठी कठडा ओलांडणारा माणूस नेमका तिथे उभा राहतो. पाण्यापर्यंत उतरायला कायदेशीर वाट एकच, क्लीटवूड कोव्हची. ती दुरुस्तीसाठी बंद असू शकते, म्हणून आधी चौकशी करावी. दुसरीकडून उतरू नये. दगडही खाली टाकू नये.

कधी यावं यावर तुम्ही गोड बोलून वेळ मारून नेत नाही, हे विशेष. पूर्ण रस्ता साधारण जुलैत खुला होतो आणि १ नोव्हेंबरला, किंवा त्याआधी मोठं बर्फ पडलं तर तेव्हाच, बंद होतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वणव्यांचा धूर समोरचा काठ पुसून टाकतो. हिवाळ्यात तळं निम्म्या वेळी ढगात असतं. निघण्याआधी उद्यानाचा वेबकॅम बघा, हा तुमचा साधा सल्ला कित्येक तासांची फुकट ये-जा वाचवतो.

एक विनंती. वर्षाला सरासरी १३ मीटर बर्फ पडतं आणि ते वसंतात कड्याच्या अंगाने, रस्त्याकडेच्या उंच काठ्यांच्या खुणेवर, यंत्राने कापत काढावं लागतं. ते काम करणारी मंडळी पर्यटकांना भेटत नाहीत. आमचे आभार त्यांच्यापर्यंत तेवढे पोचवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
तळ्याकाठचे काही मराठी वाटसरू