बाहेरच्या लाकडाला ट्रान्सपरंट व्हार्निश? नको!

संपादक महोदय,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत छापून आलंय की घराच्या दर्शनी भागाला लाकडी फळ्या लावल्या की वरून ट्रान्सपरंट व्हार्निशचे दोन हात मारायचे, म्हणजे लाकडाचं सौंदर्य टिकतं. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण नेमका हाच सल्ला ऐकून मी हात पोळून घेतलेत. पहिलं वर्ष फळ्या अशा झगमगत होत्या की येणारा-जाणारा हात लावून बघायचा. दुसऱ्या वर्षी दुपारचं ऊन येतं त्या बाजूला बारीक चिरा, मग पोपडे, आणि एक पापुद्रा नखाने सोलला तर त्याच्या आतून लाकडाचे करडे तंतू चिकटून आले. म्हणजे व्हार्निशने लाकूड सोडलं नव्हतं, खालचं लाकूडच सुटून आलं होतं!

मग जरा वाचलं, विचारलं. लाकडाचे तंतू धरून ठेवतं ते लिग्निन, आणि उन्हातले अतिनील किरण पहिले त्यालाच खातात. पारदर्शक थरातून लाकूड आपल्याला दिसतं तसं ते उन्हालाही दिसतंच की. यूव्ही म्हणजे हेच अतिनील किरण रोखणारं व्हार्निश मिळतं, ते थोडं जास्त टिकतं इतकंच. उन्हाला खरं अडवतं ते रंगातलं पिगमेंट, म्हणजे रंग देणारी बारीक पूड. स्वीडनमधल्या त्या लाल लाकडी घरांचा रंग बघा, फालूनच्या तांब्याच्या खाणीतलं आयर्न ऑक्साइड, राय नावाच्या धान्याचं पीठ, पाणी आणि अळशीचं तेल उकळून करतात, त्याचे पोपडे निघत नाहीत, भुकटी होऊन हळूहळू झिजतो आणि परत मारताना ब्रशने झाडलं की झालं.

जाड ऑइल पेंट किंवा अॅक्रिलिक जास्त वर्षं जातो हे खरं, पण एकदा त्याच्यामागे पाणी शिरलं की फुगे येतात आणि सगळं खरवडत बसा. त्यापेक्षा आत मुरणारा, रंग असलेला वुड स्टेन मला बरा वाटतो. दोन-चार वर्षांनी परत मारावा लागतो, पण खरवडायची कटकट नाही.

आणि टोकं! याबद्दल तुमच्या लेखात अवाक्षर नाही. मला नऊ फळ्या बदलाव्या लागल्या, नऊच्या नऊ खालच्या कापलेल्या टोकाकडून कुजलेल्या, वरून ठणठणीत. कापलेल्या टोकातून लाकूड स्ट्रॉने ओढावं तसं पाणी ओढतं, समोरच्या बाजूपेक्षा कितीतरी पटीने. आमच्या रंगाऱ्याने फळ्या ठोकून झाल्यावर समोरून ब्रश फिरवला आणि गेला, टोकं आणि मागची बाजू कोरीच. आता नवीन फळ्यांना लावायच्या आधीच सगळ्या बाजूंनी हात दिला, टोकांना दोनदा-तीनदा पिईल तेवढा, आणि भिंत नि फळी यांच्यामध्ये हवेला फट ठेवली. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी धरत नाही, सगळी धडपड त्यासाठीच.

अजून एक, नवीन फळ्या काही महिने उघड्या ठेवून 'मुरू द्या' असं सांगणारे भेटतात. उघड्या उन्हात काही आठवडे राहिल्या तरी वरचा थर कमजोर होतो आणि रंग नीट धरत नाही. रंधा मारलेली गुळगुळीत फळीही रंग कमी पिते, 80 नंबरचा पॉलिश पेपर फिरवून मगच मारा. आणि देखभालीचा कंटाळा असेल तर चक्क काहीच लावू नका, लाकूड टिकाऊ जातीचं असेल नि पाणी साचत नसेल तर ते करडं पडेल, पण ऊन-पावसाने झिजतं ते साधारण 100 वर्षांत 6 मिलिमीटर. व्हार्निशच्या लोंबत्या पोपड्यांपेक्षा ते दिसायलाही बरं.

पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती छापा. सोबत हेही छापा की अळशीच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात, पाण्यात भिजवावीत नाहीतर मोकळी पसरून वाळवावीत.

आपला एक नियमित वाचक