संशोधनाचे तास वेळापत्रकात हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान कॅथलिक महाविद्यालयांनी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राचे विभाग चालवावेत की नाही, ही चर्चा हल्ली विद्यार्थिसंख्येवरून सुरू होते आणि तिथेच संपते. शेवटच्या वर्षाला मोजकी मुले, दोन-तीन प्राध्यापक, एक प्रयोगशाळा सहायक आणि उपकरणांचा खर्च. हिशेब मांडला की विभाग तोट्यात. अशाच एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले. या हिशेबात जे धरलेच जात नाही, त्याबद्दल हे पत्र आहे.

मोठ्या विद्यापीठात महागड्या उपकरणावर पहिला हक्क पीएच.डी. करणाऱ्यांचा असतो. पदवीच्या मुलाच्या वाट्याला बहुधा नमुने भरणे आणि काचसामान धुणे येते. लहान महाविद्यालयात पीएच.डी.चे विद्यार्थीच नसतात, त्यामुळे स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणारे यंत्र) सुरू करण्यापासून रीडिंग का हलते आहे ते शोधण्यापर्यंत सगळे विशीतल्या मुलीच्या हाती येते. प्रात्यक्षिकाच्या तासाला उत्तर आधीच ठरलेले असते. टायट्रेशन (द्रावण थेंबाथेंबाने मिसळून दुसऱ्याची तीव्रता काढणे) चुकले तर शेजारच्या वहीत बघून आकडा जुळवता येतो. पण ओढ्याच्या पाण्यात पावसाळ्यानंतर नायट्रेट किती वाढले, याचे उत्तर कुणाच्याच वहीत नसते. मग ती मुलगी ब्लँक, म्हणजे नमुना न घालता केलेली तुलनेची चाचणी, पुन्हा घेते, बाटली नीट धुतली होती का ते आठवून पाहते, नवा नमुना आणायला परत जाते आणि आलेख सरळ का येत नाही यावर विचार करू लागते. विद्यार्थी बदलताना मी पाहिले ते अशा कामात. व्याख्यानाच्या वर्गात हा बदल मला इतका स्पष्ट कधी दिसला नाही.

हे घडायला शिक्षकाचा वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळापत्रकात नसतो. व्याख्यानांचे तास मोजले जातात, प्रात्यक्षिकांच्या बॅच मोजल्या जातात. संशोधनाचे मार्गदर्शन मात्र शिक्षकाची हौस समजून संध्याकाळी आणि सुट्टीत ढकलले जाते. तरुण शिक्षक काही वर्षे ते मनापासून करतात. मग प्रवेश समिती, परीक्षेची कामे, मूल्यांकनाच्या फायली मागे लागतात आणि प्रयोगशाळेचा दिवा संध्याकाळी लागेनासा होतो.

कॅथलिक संस्थांना तर हे कुणी वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनोच्या ऑगस्टिनियन या कॅथलिक संघाच्या मठातील, आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगर मेंडेल यांच्या पाठीशी मठाधिपती सिरिल नाप उभे राहिले. त्यांनी मेंडेल यांना १८५१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात शिकायला पाठवले आणि मठात हरितगृह उभारले. १८५६ ते १८६३ या काळात मेंडेल यांनी वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे वाढवून तपासली, तीही शाळेत शिकवण्याची नोकरी सांभाळून. १८६५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले, १८६६ मध्ये ते छापून आले. १८६८ मध्ये मेंडेल स्वतः मठाधिपती झाले. मग मठाचा कारभार आणि पुढे करावरून सरकारशी झालेला दीर्घ वाद यांतच ते गुंतले आणि त्यांचे संशोधन जवळजवळ थांबले. माणूस तोच, बागही तीच. फक्त वेळ गेला. प्रत्येक प्राचार्यांनी आणि व्यवस्थापनाने याचा विचार करावा, असे मला कळकळीने वाटते.

अशा महाविद्यालयांत विज्ञान मोकळेपणाने शिकवले जाते का, असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. कॅथलिक चर्चची उत्क्रांतीबाबतची भूमिका मात्र अनेकांना वाटते तशी नाही. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्येच मानवी शरीराच्या उत्क्रांतीच्या अभ्यासाला वाट मोकळी ठेवली होती. १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही निव्वळ कल्पना उरलेली नाही, असे मान्य केले. विश्व प्रसरण पावत असल्याचे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे तर धर्मगुरूच होते. आपला भौतिकशास्त्रीय सिद्धान्त कुणी ईश्वरनिर्मितीचा पुरावा म्हणून वापरावा, हे त्यांना पसंत नव्हते. अशी स्पष्टता विभागात असेल तर विद्यार्थ्याला श्रद्धा आणि प्रयोग यांत ओढाताण वाटत नाही.

एका महाविद्यालयाला एकट्याने सगळे जमणार नाही, हेही खरे. त्यावरही या परंपरेतच वाट सापडते. अमेरिकेतील जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या महाविद्यालयांनी १९०९ पासून एकाच प्रकारचे भूकंपमापक बसवून नोंदी एकत्र करायला सुरुवात केली. १९२५ मध्ये त्यांची भूकंपशास्त्रीय संघटना नव्याने उभी राहिली. एकट्या ठिकाणच्या नोंदीवरून भूकंपाचे केंद्र नीट ठरवता येत नाही, अनेक ठिकाणच्या वेळा जुळवल्या की ते सापडते. आजही चार-पाच महाविद्यालयांनी एकच मोजमापाची पद्धत ठरवून पाण्याचे, कीटकांचे, परागकणांचे निरीक्षण केले तर पदवीच्या विद्यार्थ्यांच्या नोंदीही शोधनिबंधाच्या योग्यतेच्या होतील. त्यासाठी वह्या मात्र विभागात राहिल्या पाहिजेत. एक बॅच बाहेर पडली की तिच्या नोंदी रद्दीत जातात आणि पुढची बॅच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. हे नुकसान मला सर्वांत जास्त सलते, कारण ते टाळायला एक कपाट आणि एक नोंदवही पुरते.

माझी मागणी साधी आहे. तीन विद्यार्थ्यांच्या संशोधनाचे मार्गदर्शन म्हणजे आठवड्याची एक प्रात्यक्षिक बॅच, असे समीकरण मान्य करून ते शिक्षकाच्या कार्यभारात धरावे. हा निर्णय सत्र सुरू होण्यापूर्वी, तासांची वाटणी होते तेव्हाच व्हायला हवा. नंतर कुणाकडेच तास उरत नाहीत.

माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती आहे. आपली देणगी बहुतेक वेळा नव्या दालनाकडे किंवा एखाद्या मोठ्या यंत्राकडे वळते. यंत्र येते, पण दुरुस्तीचा करार, यंत्रातले दिवे आणि रसायने यांना दुसऱ्या वर्षी पैसे नसतात, आणि सुट्टीत काम करू इच्छिणाऱ्या गरजू मुलाला ती सुट्टी नोकरीत घालवावी लागते. तेव्हा दरवर्षी थोडी रक्कम देखभालीसाठी आणि सुट्टीतील विद्यावेतनासाठी द्या, आणि ती त्याच कामासाठी आहे असे पत्रात स्पष्ट लिहा.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापिका