घरी थांबू नकोस

सोलापूर,
२१ फेब्रुवारी

प्रिय दिलीप,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. मुलगा-सून नातवाला घेऊन खोपोलीला इमॅजिकात निघालेत आणि तू 'मी घरी थांबतो' म्हणून मोकळा झालास, हे वाचून रात्री नीट झोप लागली नाही. मीही हेच म्हणायचो, म्हणून लिहायला बसलोय.

चार वर्षांपूर्वी एका वॉटरपार्कात गेलो होतो, ते तुला कधी सांगितलं नाही. व्हीलचेअर नको म्हणालो, लोक काय म्हणतील म्हणून. अकरा वाजेपर्यंत दोन्ही गुडघे सुजले. मग चपला ठेवायच्या जागेशेजारी पायरीवर तीन तास बसून होतो. नात दर थोड्या वेळानं ओल्या केसांनी यायची आणि 'आबा, बरंय ना?' विचारून परत पळायची. शेवटी ती पळायचीच थांबली, शेजारी बसून राहिली. तिचा दिवस माझ्या हट्टानं गेला, ही बोच अजून आहे.

म्हणून या डिसेंबरात रामोजी फिल्मसिटीला जायचं ठरलं तेव्हा आधी तयारी केली. सिद्धेश्वराच्या देवळाकडे तळ्याच्या कडेनं जाताना किती वेळात गुडघा बोलायला लागतो, ते घड्याळ लावून पाहिलं. १२ मिनिटं. तुझं दुखणं हृदयाचं, दम लागण्याचं आहे, तू तुझा आकडा काढ. न थांबता, न धापता किती चालवतं, ते जायच्या आधी माहीत हवं. मग रुग्णसाहित्य केंद्रातून घडीची व्हीलचेअर अनामत भरून आणली.

आपला पुणे-हैदराबाद रस्ता, ६५ नंबरचा, हैदराबाद ओलांडून पुढे विजयवाड्याकडे जातो. त्याच रस्त्यावर फिल्मसिटी आहे. उमरग्याला आणि जहीराबादला उतरून पाय मोकळे केले. हैदराबादेत मुक्काम केला, कारण संधिवातात सकाळचा पहिला तास सांधे आखडलेलेच असतात. त्या तासात प्रवास नको.

तिथे दीड हजार एकरांहून मोठा पसारा आहे, चढ-उतारही बरेच. माणसांना बसमधूनच फिरवतात. म्हणजे चालणं कमी, पण चढ-उतर सतत. खरी परीक्षा बसच्या पायरीशी होती. माझ्या बोटांना दांडा धरवत नाही, म्हणून कोपर अडकवून चढलो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, एवढं डॉक्टरांनी शिकवलेलं होतं. सून सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीतली, ती ड्रायव्हरशी तेलुगूत बोलली. ड्रायव्हरनं बस फुटपाथला अगदी लावून उभी केली, तशी पायरी निम्म्यानं खाली आली. नुसतं सांगायचं होतं, दिलीप!

खुर्चीवरून उठताना पायाच्या पट्ट्या आधी वर घ्यायच्या आणि ब्रेक लावायचे, नाहीतर पट्टीवर भार पडून खुर्ची पुढे कलंडते. उतारावर मुलानं मला पाठमोरं उतरवलं. दुपारी एक ते तीन सावलीत बसून काढले, बाकीचे पुढे फिरून आले. ते दोन तास आधीच ठरवून ठेवलेले, त्यामुळे कुणाचा खोळंबा झाला नाही. मान हिसडणाऱ्या राइड्स मात्र मला पूर्ण बंद आहेत, संधिवातानं मानेचे सांधेही कमजोर होतात म्हणून. तुझ्या हृदयाचं तू डॉक्टरांना विचारून घे, आणि राइडच्या तोंडाशी लावलेली सूचना वाचल्याशिवाय रांगेत उभा राहू नकोस.

संध्याकाळी खोट्या रेल्वे स्टेशनच्या सेटवर नात खुर्चीच्या दांड्याला धरून चालत होती. मी बसलेलो, त्यामुळे तिचं तोंड माझ्या कानाशी. दिवसभराचं सगळं तिनं तिथे सांगितलं. उभा असतो तर ऐकूच आलं नसतं. होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळण्यातून उतरल्यावर आपण दोघं असेच एका दमात बोलायचो, ते आठवलं.

खुर्ची अजून माझ्याकडेच आहे, सोमवारी परत करायचीय. तू हो म्हणालास तर महिनाभर मुदत वाढवून घेतो आणि पुढच्या आठवड्यात पुण्याला येताना गाडीत टाकून आणतो. शेंगाचटणीचा डबाही आणेन. रविवारच्या आत फोन कर.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
शरद