‘लायसन्स लागत नाही’ हे अर्धसत्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी घटकाभर उभं राहिलं की दिसतं: आठवी-नववीतली मुलं नंबरप्लेट नसलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरवर, पायाशी दप्तर, मागे दोघे मित्र, आणि हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. पालकांना विचारलं तर उत्तर ठरलेलं, “या गाडीला लायसन्स लागत नाही, शोरूमवाल्यानंच सांगितलंय.”

ही सवलत सरसकट सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांना नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, शिवाय पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेनं ते मॉडेल तपासून मान्य केलं असेल, तरच त्या दुचाकीला पासिंग, विमा आणि लायसन्स लागत नाही. पेडलवाल्या ई-सायकलची मोटरही २५ च्या वेगाला किंवा पेडल मारणं थांबताच बंद झाली पाहिजे. यातली एक अट जरी मोडली तरी ती गाडी कायद्यानं मोटार वाहन ठरते. मग तिला हिरवी नंबरप्लेट हवी, विमा हवा, चालवणाऱ्याला हेल्मेट हवं आणि त्याचं वय १८ पूर्ण हवं. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी आहे. ते दाखवून कोणतीही स्कूटर चालवता येत नाही.

खरी गडबड होते ती विक्रीनंतर. मोटरचा वेग आवरणाऱ्या कंट्रोलरची एक वायर सोडवली की २५ वर अडणारी गाडी ४० च्या पुढे पळते, आणि हे काम गल्लीतला मेकॅनिकही करून देतो. अशा बदललेल्या गाड्यांविरुद्ध परिवहन आयुक्तांनी २०२२ मध्ये राज्यभर तपासणी मोहीम काढली होती. ती सतत चालायला हवी होती.

अशा गाडीवरून अल्पवयीन मुलाच्या हातून अपघात झाला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. विमा नसल्यामुळे जखमी माणसाची भरपाई घरातूनच द्यावी लागते. गाडी घेताना यातलं एक अक्षर कुणी सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

नियमांत बसणाऱ्या कमी वेगाच्या गाड्यांचं काय? त्या मोटार वाहन नाहीत, म्हणून त्या कायद्यातली वयाची अटही त्यांना लागू होत नाही. म्हणजे बारा वर्षांचं पोर ही गाडी घेऊन एसटी स्टँडसमोरच्या गर्दीत शिरलं तरी त्या कायद्याच्या आधारे त्याला अडवता येत नाही. ही पोकळी सरकारनं भरावी. माझ्या मते सोळाच्या आत या गाड्या रस्त्यावर नकोतच, आणि हेल्मेट सक्तीचं हवं.

तोवर आरटीओनं प्रत्येक शोरूममध्ये ठळक मराठी फलक सक्तीचा करावा. गाडीची मोटर किती वॅटची, वेग किती, लायसन्स लागतं की नाही आणि चालवणाऱ्याचं वय किती हवं, एवढं त्यावर लिहिलेलं असावं. मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत बिलासोबत द्यावी. शाळांनीही जूनमधल्या पहिल्या पालकसभेत हा विषय घ्यावा आणि बिननंबरच्या गाड्या आवारात उभ्या करू देऊ नयेत.

आपला विश्वासू,
एक पालक, सातारा