दया नंतर आली, हे कुणी सांगितलं?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला धर्मांवरचा लेख वाचला. ज्यूंचा देव कोपिष्ट आणि सूड घेणारा, दयामाया काय ती पुढे ख्रिस्ताबरोबर आली, असा निकाल लेखकमहाशयांनी दोन वाक्यांत लावून टाकला आहे. जलप्रलय, देवाने जाळलेलं सदोम शहर, समूळ नष्ट करायला सांगितलेले अमालेकी लोक, हे सगळं आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यावर पांघरूण घालायला मी बसलेली नाही. पण आमचं धर्मपुस्तक उघडलंच होतं तर आणखी चार पानं उलटायला काय हरकत होती? योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, कडक उपासात दुपारी आमच्याकडे योनाची गोष्ट वाचतात. निनवे शहर बुडणार हे सांगायला देवाने धाडलेला हा संदेष्टा देवावरच रुसतो, का, तर देव फारच दयाळू म्हणून! तू असा मंदक्रोध, हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी तिकडे न जाता दूर तार्शीशला पळालो, असं तो देवाला तोंडावर सुनावतो. आणि देवाने सोडलं कुणाला? निनवेला. म्हणजे अश्शूरांना, ज्यांनी इ.स.पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलचं राज्य बुडवलं. त्या शहरातल्या १,२०,००० हून जास्त माणसांची आणि शिवाय इतक्या गुराढोरांची मला कीव येऊ नये का, असं देव विचारतो आणि पुस्तक तिथेच संपतं.

पण मला लिहायचंय ते गहाणाबद्दल. आमच्या धर्मपुस्तकातल्या ‘निर्गम’ या भागाच्या २२व्या अध्यायात आहे: गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर सूर्य मावळायच्या आत परत करा, नाहीतर तो रात्री काय घेऊन निजेल? त्याने हाक मारली तर मी ऐकेन, कारण मी दयाळू आहे. ‘अनुवाद’ नावाच्या भागाच्या २४व्या अध्यायात तर सावकाराने ऋणकोच्या घरात पाऊल ठेवायचं नाही, बाहेर उभं राहायचं. आणि जात्याची तळी गहाण घ्यायची नाही, ते त्या माणसाचा जीवच गहाण घेणं होतं.

माझी विधवा आत्या पेणला ब्लाउज शिवायची. हप्ते थकले म्हणून एका पतसंस्थेची माणसं आली, ती चपलांसकट थेट माजघरात. पायमशीन उचललं. सुईखाली कुणाच्या तरी लग्नाचा अर्धा शिवलेला ब्लाउज होता, तोही मशीनबरोबर गेला. तो तरी द्या म्हणून आत्या दुसऱ्या दिवशी गेली तर साहेब म्हणाले, अर्ज करा. लेखी! ब्लाउजच्या कापडासाठी! आत्याने अर्ज केला, पोचही घेतली. कापड मिळालं तोवर लग्न लागून गेलं होतं, आणि गिऱ्हाइकाने ती शिलाईही दिली नाही, कापडाचे पैसे मात्र वसूल केले. त्या साहेबांच्या टेबलामागे दयासागर देवाची भली मोठी तसबीर होती, ताज्या हारासकट.

आता कोपिष्ट कोण ते लेखकांनी ठरवावं. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, ते शनिवारी घाणा बंद म्हणून. त्या दिवशी घाण्याच्या बैलालाही सुटी, कारण शनिवारच्या विश्रांतीच्या आज्ञेत बैलाचं आणि गाढवाचं नाव घेऊन लिहिलेलं आहे. आमचे पणजोबा काही पंडित नव्हते, पण एवढं त्यांना पाठ होतं.

जाता जाता, लेखाबरोबर छापलेली इमारत सिनेगॉग नाही, चर्च आहे. शिखरावरचा क्रूस तुमच्याच फोटोत स्वच्छ दिसतो. आणि माझं मागचं पत्र तुम्ही असं कापलंत, की नळाला पाणी येत नाही ही तक्रार पालिकेच्या कौतुकासारखी वाचली गेली. शेजारी अजून अभिनंदन करतात. या वेळी कापायचंच असेल तर पणजोबांना कापा, पतसंस्थेला हात लावू नका.

आपली,
एक वाचक, ठाणे