विज्ञानाची व्यंगचित्रे आणि शाळेचा भित्तिफलक: सुनंदास पत्र

नौपाडा, ठाणे

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, शाळेच्या भित्तिफलकावर यंदा विज्ञानावरची व्यंगचित्रे लावावीत असे तुझ्या मनात आहे आणि आमचा व्हॉट्सॲपवरचा मित्रमंडळींचा गट अशाच चित्रांवर चर्चा करत असल्यामुळे कोणती चित्रे निवडावीत, हे तू मला विचारले आहेस. विनोद समजावून सांगावा लागला की त्यातली गंमत निघून जाते, मग मुलांना सहज न कळणारी चित्रे लावायची कशाला, ही तुझ्या मुख्याध्यापकांची शंकाही तू कळवली आहेस. मी त्या शंकेपासूनच सुरुवात करते, कारण आमचा अनुभव नेमका उलटा आहे. इतर विनोदांचे काहीही होवो, विज्ञानावरचे चांगले व्यंगचित्र उलगडत गेले की अधिकच रंगते. आणि जे उलगडूनही हाती काही लागत नाही, ते फलकावर लावण्याच्या योग्यतेचे नसते.

आमच्या गटात ऐरोलीला राहणारी वनस्पतिशास्त्राची एक प्राध्यापिका आहे, नेरुळचा एक संख्याशास्त्रज्ञ आहे, परदेशी स्थायिक झालेले दोघे-तिघे आहेत आणि त्यांतल्या काहींना मी प्रत्यक्ष कधी भेटलेलेही नाही. चित्र नुसते पुढे ढकलायचे नाही, ते का आवडले किंवा कुठे खटकले हे पाठवणाऱ्याने चार ओळींत लिहायचे, एवढा एकच नियम आम्ही पाळतो. त्या चार ओळींवरूनच चर्चा सुरू होते आणि कित्येकदा ती रात्री उशिरापर्यंत चालते.

तुझ्या फलकावर सर्वांत आधी सिडनी हॅरिस या अमेरिकी चित्रकाराचे ते प्रसिद्ध चित्र असावे, असे मला वाटते. फळ्यासमोर दोन शास्त्रज्ञ उभे आहेत, डावीकडे समीकरणांची गर्दी आहे, उजवीकडेही तशीच गर्दी आहे आणि मधोमध फक्त एवढेच लिहिले आहे की, ‘मग एक चमत्कार घडतो.’ त्यांतला एक दुसऱ्याला शांतपणे सुचवतो आहे की, ही दुसरी पायरी जरा अधिक स्पष्ट करायला हवी. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ज्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली, तिथे या चित्राची झेरॉक्स भिंतीवर चिकटवलेली होती आणि कुणाच्या अहवालात ‘योग्य ती प्रक्रिया करून’ असे मोघम वाक्य आले की आमचे साहेब काही न बोलता त्या भिंतीकडे बोट दाखवत. भूमितीची सिद्धता लिहिताना मधली पायरी गाळणाऱ्या मुलांना हे चित्र फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरे चित्र डासांचे आहे. गॅरी लार्सन यांची ‘द फार साइड’ ही चित्रमालिका १९८० ते १९९५ या काळात अमेरिकेतील वृत्तपत्रांतून येत असे. तिच्यातल्या एका चित्रात दिवसभर लोकांना चावून दमलेला नर डास घरी येतो आणि आज आपण अर्ध्या देशात मलेरिया पसरवला असे बायकोला सांगतो. त्यावर वाचकांची पत्रे आली की, चावते ती मादी, नर नव्हे. डास घरात राहतात, कपडे घालतात आणि इंग्रजीत बोलतात याला मात्र कुणाची हरकत नव्हती, याचे लार्सन यांना नवल वाटले. आमच्याकडे यावर चांगलीच जुंपली. काहींचे म्हणणे असे होते की, कल्पनेला एकदा मोकळीक दिली की मग ती अर्धवट द्यायची नसते. मला मात्र पत्रे लिहिणाऱ्या वाचकांची बाजू पटते. डास टोपी घालतो असे कुणीही खरे मानणार नाही, त्यामुळे त्या चुकीने कुणाची फसगत होत नाही. पण नर डास चावतो ही गोष्ट वाचक नकळत खरी समजून मनात ठेवू शकतो. अंडी तयार होण्यासाठी लागणारी प्रथिने मादीला रक्तातून मिळतात आणि नर फुलांतल्या मधुरसावर जगतो. पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीने घरोघरी पिंपे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या तपासल्या जातात, तेव्हा ही माहिती पुस्तकापुरती राहत नाही. व्यंगचित्रात कोणती चूक चालते आणि कोणती चालत नाही, या एका प्रश्नावर तुझा एक तास सहज जाईल.

आता ज्या चित्रावर आम्ही सर्वांत अधिक बोललो, त्याकडे वळते. रँडल मन्रो हे पूर्वी नासामध्ये काम करत असत. २००५ पासून ते ‘एक्सकेसीडी’ या नावाने काडीसारख्या माणसांची चित्रे काढतात. त्यांच्या २०११ च्या एका चित्रात कुणीतरी म्हणते की, जेलीच्या गोळ्या खाल्ल्याने चेहऱ्यावर मुरमे येतात. शास्त्रज्ञ तपासतात, त्यांना काही संबंध आढळत नाही. मग एखाद्या विशिष्ट रंगाच्या गोळीने तसे होत असेल, असे सुचवले जाते आणि ते बिचारे जांभळी, तपकिरी, गुलाबी असे करत वीस रंग तपासतात. एकोणीस रंगांत काहीही सापडत नाही, हिरव्यात सापडते आणि वर्तमानपत्रात मोठा मथळा येतो की, हिरव्या गोळ्यांचा मुरमांशी संबंध असून हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता फक्त पाच टक्के आहे.

पहिल्या वाचनात आमच्यापैकी अनेकांना हे चित्र नुसते गमतीचे वाटले होते. नेरुळच्या मित्राने त्याचा हिशेब मांडला. मुळात कोणताही संबंध नसताना एका चाचणीत योगायोगाने संबंध दिसण्याची शक्यता पाच टक्के धरली, तर अशा वीस स्वतंत्र चाचण्यांत निदान एकदा तरी तो दिसण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. म्हणजे हिरवी गोळी सापडली यात नवल काहीच नाही. न सापडती तरच थोडे नवल होते. मथळ्यातला आकडा एकट्या चाचणीपुरता चुकीचा नाही, पण मागे टाकलेल्या एकोणीस चाचण्या वाचकाला दिसत नाहीत आणि सारा घोटाळा तिथेच होतो. ‘अमुक खा आणि तमुक आजार टाळा’ अशा बातम्या वाचताना आता आम्ही प्रथम हेच विचारतो की, आणखी काय काय तपासून पाहिले होते?

त्या मित्राने तुझ्या वर्गासाठी एक प्रयोगही सुचवला आहे. चाळीस मुलांना वेगवेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या दे आणि प्रत्येकाला रुपयाचे नाणे दहा वेळा उडवायला सांग. दहापैकी आठ किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता एका मुलापुरती जेमतेम साडेपाच टक्के असते, परंतु चाळीस मुलांत असे निदान एक मूल निघण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या जवळपास जाते. त्या मुलाच्या हातातल्या चिठ्ठीचा रंग फळ्यावर लिही, ‘या रंगाने छापा पडतो’ असे जाहीर कर आणि मुले काय म्हणतात ते ऐक. चित्र त्यानंतर दाखव.

एक चित्र मात्र जपून वापर. वानरापासून क्रमाक्रमाने ताठ होत गेलेल्या माणसांची रांग तू अनेकदा पाहिली असशील. रुडॉल्फ झॅलिंगर यांनी ते मूळ चित्र १९६५ साली एका पुस्तकासाठी काढले आणि पुढे त्याच्या असंख्य विनोदी आवृत्त्या निघाल्या, ज्यांत शेवटचा माणूस संगणकापुढे किंवा मोबाइलवर पुन्हा वाकलेला असतो. ऐरोलीच्या प्राध्यापिकेला ही रांग अजिबात सहन होत नाही आणि तिचे म्हणणे रास्त आहे. उत्क्रांती ही एकामागे एक चढत जाणारी शिडी आहे आणि आजचा चिंपांझी हा आपला पूर्वज आहे, असा समज त्या रांगेमुळे पक्का होतो. वास्तविक सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीच्या एका समान पूर्वजापासून त्याची आणि आपली अशा दोन शाखा निघाल्या. खुद्द डार्विन यांनी १८३७ साली आपल्या वहीत फांद्या फुटलेल्या झाडाची आकृती काढली होती. त्यांची टिंगल करण्यासाठी १८७१ मध्ये एका इंग्रजी नियतकालिकाने वानराच्या धडावर त्यांचे डोके बसवले, तेही चित्र फलकावर लावण्यासारखे आहे. रांगेचे चित्र लावलेसच, तर शेजारी डार्विन यांचे झाड अवश्य लाव.

आणि मंगळयानाचे चित्र. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपले यान पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचले, सुमारे ४५० कोटी रुपयांत, आणि त्यानंतर न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक व्यंगचित्र आले. अंतराळातल्या उच्चभ्रूंच्या क्लबात दोन सुटाबुटातले गृहस्थ बसलेले आहेत आणि बाहेर पागोटे घातलेला भारतीय शेतकरी गाईला घेऊन दार ठोठावतो आहे. खूप निषेध झाला आणि त्या वृत्तपत्राने दिलगिरी व्यक्त केली. अवकाश संशोधन ही आता श्रीमंत पाश्चात्त्य देशांची मक्तेदारी उरली नाही, हे दाखवण्याचा चित्रकाराचा हेतू होता, असेही त्यांनी सांगितले. गटात आम्ही हे चित्र पुन्हा काढले तेव्हा दोन तट पडले. चित्रातला खरा टोमणा त्या सुटाबुटातल्यांना आहे, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूला, आणि मी त्या बाजूची आहे, ती गाय बोचते, कारण भारत म्हणजे गाय आणि पागोटे एवढेच पाहायची जुनी सवय तिच्यात दिसते.

या वादात कुणीतरी १९८१ चे, ‘ॲपल’ या भारतीय दळणवळण उपग्रहाचे छायाचित्र पाठवले. उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला आहे. पुष्कळजण ते आपल्या गरिबीचे चित्र समजतात. प्रत्यक्षात अँटेनाच्या चाचणीत धातूचा अडथळा येऊ नये म्हणून लाकडी गाडी मुद्दाम निवडलेली होती. ते छायाचित्र पाहिल्यावर चर्चेचा सूरच बदलला, कारण बैलगाडीमागे शुद्ध विज्ञानाचे कारण होते आणि व्यंगचित्रातल्या गाईमागे तसे कोणतेच नव्हते. ही दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी लाव आणि त्यांच्याखाली काहीही लिहू नकोस; मोठ्या वर्गातल्या मुलांना आपसांत वाद घालू दे.

आता एक आग्रहाची विनंती. फिरत फिरत येणाऱ्या चित्रांच्या कोपऱ्यातली चित्रकाराची सही कुणीतरी कापून टाकलेली असते. तसे चित्र लावू नकोस. मन्रो यांनी आपली चित्रे श्रेय देऊन, विक्रीसाठी नसल्यास, वापरायला मोकळीक दिली आहे. लार्सन यांनी मात्र आपली चित्रे इतरांनी इंटरनेटवर टाकू नयेत अशी विनंती पूर्वीच केली होती, त्यामुळे डासाचे चित्र आम्ही एकमेकांना पाठवले नाही, शब्दांतच वर्णन करून बोललो. तूही तेच कर. मुलांना प्रसंग सांग आणि चित्र त्यांना काढू दे, म्हणजे नर-मादीचा घोळ त्यांचा तेच सोडवतील.

परक्या भाषेतल्या संवादांमुळे काही मुले अडतील, हेही लक्षात ठेव. त्यांच्यासाठी शि. द. फडणीस यांची शब्दांवाचून बोलणारी चित्रे दाखव. गणिताच्या पाठ्यपुस्तकांतही त्यांनी चित्रे काढली आहेत आणि आकड्यांची भीती घालवायला रेषा किती उपयोगी पडते, हे त्यांत छान दिसते.

नाण्यांचा प्रयोग झाला की किती मुलांना आठ किंवा अधिक छापे पडले, ते त्याच दिवशी कळव. नेरुळच्या मित्राला तुझे आकडे हवे आहेत आणि दुसऱ्या तुकडीवरही तोच प्रयोग करून तोच रंग पुन्हा पहिला येतो का, हे त्याला पाहायचे आहे. मुख्याध्यापकांना माझा नमस्कार सांग, काकूंना जप.

तुझी,
माधुरी