ताई, त्या दिवशीचं थँक्यू अजून बाकी आहे

ताई, त्या दिवशी तू लॅबमध्ये जेलचा प्रयोग रनला लावून आली होतीस आणि आरएनए स्वतःलाच कसा कापतो ते समजावून झाल्या झाल्या पळालीस, नीट थँक्यू म्हणायचंच राहिलं म्हणून इथे लिहितेय.

हा प्रश्न मी आधी विचारला नव्हता असं नाही गं. क्लासमध्ये सर म्हणाले, रायबोझाइम म्हणजे एन्झाइमचं काम करणारा आरएनए, शोधणारे चेक आणि आल्टमन, १९८९ चं नोबेल, एवढं लिही, बाकी परीक्षेला येत नाही. दुसऱ्या एका मॅडमनी तर बेसिक कच्चं आहे म्हणून सगळ्यांसमोर खाली बसवलं. विचारलं काय होतं, तर प्रोटीन नाही काही नाही, मग नुसता आरएनए स्वतःचीच साखळी कापतो कसा!

तू मॉडेलचा डबा काढलास, दोन न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएच्या साखळीचे दोन मणी, जोडून माझ्या हातात दिलेस, 'फिरव' म्हणालीस आणि थांबलीस. मोबाइल बघितला नाहीस, 'अगं सोपंय' म्हणाली नाहीस, मी चुकीचा बाँड फिरवत होते तरी हात मध्ये घातला नाहीस. ते थांबणं मी विसरणार नाही. शेवटी साखरेचा दोन नंबरचा ऑक्सिजन, फॉस्फरस आणि पुढच्या साखरेचा पाच नंबरचा ऑक्सिजन एका रेषेत आले तेव्हा म्हणालीस, 'आता तुटेल'. दोन नंबरवाला फॉस्फरसला जाऊन चिकटतो, पलीकडचा बाँड सुटतो, एका टोकाला फॉस्फेटची रिंग उरते आणि दुसऱ्याला ओएच. हॅमरहेड नावाच्या छोट्या रायबोझाइममध्ये जी१२, म्हणजे बारा नंबरचा जी बेस, दोन नंबरवाल्याचा प्रोटॉन काढून घेतो, जी८ च्या साखरेचा ओएच सुटणाऱ्या ऑक्सिजनला प्रोटॉन देतो, म्हणजे आरएनए कापणाऱ्या रायबोन्यूक्लिएज ए या प्रोटीनमधे हिस्टिडीन नावाची दोन अमिनो आम्लं करतात तेच काम! मग तू तो दोन नंबरच्या ऑक्सिजनचा लाल गोळा उपटलास, म्हणालीस 'हा झाला डीएनए, आता काप बघू'. रचना बघायला न कापलेल्या रायबोझाइमचे क्रिस्टल बनवताना पण हाच ऑक्सिजन काढतात नाहीतर मिथाइल लावून झाकतात, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

हुशार माणसं खूप भेटतात गं, पण समोरच्याला लहान वाटू न देता शिकवणारी फार कमी, आणि तुला तर त्याचे मार्क पण मिळणार नव्हते.

आता बॅक्टेरियातला आरएनएज पी, म्हणजे दुसरा आरएनए कापणारा रायबोझाइम, वाचतेय. तिथे साखरेच्या ओएचऐवजी पाणी हल्ला करतं, मॅग्नेशियम लागतं आणि फॉस्फेट पाच नंबरच्या टोकाला राहतं, इथपर्यंत कळलंय. मॅग्नेशियम नेमकं काय धरून ठेवतं तिथे अडलेय, वेळ असेल तेव्हा सांग, मी मॉडेलचा डबा घेऊन येते, चहा माझ्याकडून.